कर्करोगाचा दूरप्रसार आणि प्रतिपिंडे : निदान, चिकित्सा आणि आपले रुग्ण

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना सर्पदंशावरील प्रतिविषाची कुपी अपरिचित नाही. घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सर्पांचे विष अल्पाल्प मात्रेत देत गेल्यावर त्याच्या रक्तात त्या विषांना निष्प्रभ करणारी जी द्रव्ये निर्माण होतात, तीच शुद्ध करून त्या कुपीत भरलेली असतात. या द्रव्यांस अर्वाचीन वैद्यक ‘अँटीबॉडी’ म्हणते. मराठीत त्यासाठी ‘प्रतिपिंड’ हा शब्द रूढ झाला आहे. अर्थात प्रतिपिंड ही कल्पना आपणांस नवी नाही. नवे आहे ते हे की, हीच द्रव्ये आता कर्करोग शरीरात कोठे पसरला आहे हे शोधण्यासाठी आणि पसरलेल्या रोगाची चिकित्सा करण्यासाठी नित्य वापरात आली आहेत.

गेल्या काही वर्षांत कर्करोगाचे जे रुग्ण आपल्याकडे येतात, त्यांच्या फायलीत ट्रास्टुझुमॅब, निवोलुमॅब, बेव्हॅसिझुमॅब अशी नावे वारंवार दिसतात. रुग्ण त्या सर्वांना सरसकट ‘किमो’ म्हणतो आणि आपणही बहुधा तसेच समजून पुढे जातो. परंतु ही किमो नव्हे. किमोथेरपीचे उपद्रव ओळखण्याची जी सवय आपल्याला झाली आहे ती येथे अपुरी पडते, व क्वचित घातकही ठरते. यास्तव हा विषय आपल्या सभासदांपुढे किंचित विस्ताराने मांडण्याचे योजिले आहे.

प्रतिपिंड म्हणजे काय?

शरीरातील बी-लसिका पेशी ही प्रथिने निर्माण करतात. प्रत्येक प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. त्याच्या दोन भुजांची टोके एका विशिष्ट द्रव्यालाच, म्हणजे प्रतिजनालाच, घट्ट चिकटतात. कुलपाला त्याचीच किल्ली लागावी तसे. खालचा दांडा मात्र बहुतेकांचा सारखा असतो आणि तो शरीराच्या रक्षक पेशींना ‘येथे या’ असे सुचवितो. शोधणे भुजांचे काम, बोलावणे दांड्याचे. या एका रचनेवर पुढील सर्व निदान आणि चिकित्सा उभी आहे.

बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये घटसर्पावरील प्रतिविष दाखविल्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, १८९५ मध्ये, फ्रान्समधील एरिकूर आणि रिशे यांनी कर्कार्बुदाचा अंश प्राण्यांना टोचून त्यांचा रक्तरस रुग्णांना देऊन पाहिला. कल्पना योग्य होती, साधन अपुरे होते. घोड्याच्या वा अन्य प्राण्याच्या रक्तरसात असंख्य प्रकारच्या प्रतिपिंडांची सरमिसळ असते. सर्पविषासाठी ती चालते, कारण विष हे शरीरास सर्वस्वी परके. कर्कपेशी परकी नसते. ती आपल्याच धातूंतून उपजलेली असते व निरोगी पेशींशी तिचे बहुतांश साम्य असते. तेथे सरमिसळ चालत नाही. एकाच लक्ष्यावर जाणारे, एकाच जातीचे प्रतिपिंड हवे.

ते १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोहलर आणि मिलस्टाइन यांनी साध्य केले. हवे ते प्रतिपिंड निर्माण करणारी उंदराच्या प्लीहेतील पेशी अल्पायुषी असते. तिचा त्यांनी मायलोमा या कर्करोगाच्या अमर पेशीशी संयोग घडविला. तयार झालेली संकरपेशी अखंड वाढत राहते आणि एकच एक प्रतिपिंड स्रवत राहते. कर्करोगाशी लढण्याचे शस्त्र कर्कपेशीच्याच चिवटपणावर घडले, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. या कार्यास १९८४ चे नोबेल पारितोषिक लाभले.

औषधी विक्रेत्यांसाठी येथे एक उपयुक्त गोष्ट नमूद करतो. या औषधांच्या नावातच त्यांचे कुळ सांगितलेले असते. शेवटी ‘मॅब’ असेल तर एकजातीय प्रतिपिंड. त्याआधी ‘ओ’ असेल तर ते मूळ उंदराचे, ‘क्सि’ असेल तर अंशतः मानवी, ‘झु’ असेल तर बहुतांश मानवी आणि ‘उ’ असेल तर पूर्ण मानवी रचनेचे. म्हणून रिटुक्सिमॅब, ट्रास्टुझुमॅब, डेनोसुमॅब. उंदराचे प्रथिन मानवी शरीर परके समजून त्यावरच प्रतिपिंडे निर्माण करी आणि औषध निष्फळ होई. म्हणून हे मानवीकरण करावे लागले. २०१७ पासून नव्या औषधांच्या नावात हे मधले अक्षर घालणे बंद झाले आणि २०२१ मध्ये ‘मॅब’ हा प्रत्ययही नव्या नावांसाठी बदलण्यात आला. तथापि आपल्या काउंटरवर येणाऱ्या चिठ्ठ्यांतील बहुतेक नावे अद्याप जुन्या पद्धतीचीच आहेत.

सुश्रुतोक्त अर्बुद

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचे वर्णन एकत्र येते. गोल, स्थिर, अल्प वेदनेचा, खोल मूळ असलेला, हळूहळू वाढणारा आणि न पिकणारा मांसोपचय म्हणजे अर्बुद, हे आपण सर्वजण पाठ करून आलो आहोत. पूर्वी झालेल्या अर्बुदावर दुसरे उत्पन्न झाल्यास अध्यर्बुद आणि एकाच वेळी किंवा क्रमाने दोन उद्भवल्यास द्विरर्बुद, व ते असाध्य, असेही तेथे सांगितले आहे. चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायातील सूचना मला त्याहून महत्त्वाची वाटते. अर्बुद काढताना दोषांचा शेष राहिल्यास ते पुन्हा उद्भवते. म्हणून ते निःशेष काढावे, अन्यथा उरलेल्या अग्नीप्रमाणे ते प्राणनाश करते, असा त्याचा आशय आहे.

द्विरर्बुद म्हणजेच मेटास्टॅसिस असे समीकरण मांडणारे लेख आपल्याकडे बरेच येतात. मला ते पटत नाही. रक्तातून वा लसिकेतून पेशी वाहून दूरच्या अवयवात रुजते हे ज्ञान सूक्ष्मदर्शकानंतरचे आहे, आणि ते संहितेत होते असे म्हटल्याने संहितेचा गौरव वाढत नाही. मात्र ‘शेष’ ही संकल्पना निरीक्षणातून आली आहे आणि ती अचूक आहे. शस्त्रकर्मानंतर काय उरले, कोठे उरले, हाच आजही कर्करोगतज्ज्ञांपुढील मुख्य प्रश्न आहे.

निदानात प्रतिपिंडांचा उपयोग

मानेतील गाठ घेऊन येणारा रुग्ण आपल्याकडे नवीन नाही. आपल्या जिल्ह्यात अशा गाठींत क्षयाच्या गाठींचे प्रमाण पुष्कळ असते. परंतु तंबाखू, मिश्री, गुटखा यांचे सेवन करणाऱ्या पन्नाशीच्या रुग्णाची कठीण, न हलणारी, वेदनारहित गाठ ही मुखातील वा घशातील कर्करोगाचा प्रसार असू शकते. अशा गाठीवर कांचनार गुग्गुळ सुरू करून सहा आठवडे वाट पाहणे योग्य नव्हे. आधी सुईने पेशी काढून तपासणी, मग आपली चिकित्सा. हा क्रम उलटा करू नये.

तपासणीत कर्कपेशी आढळल्या तरी प्रश्न संपत नाही. ही पेशी मूळची कोठली? फुफ्फुसातली, आतड्यातली, स्तनातली की लसिकाग्रंथीचीच? सूक्ष्मदर्शकाखाली त्या पुष्कळदा सारख्याच दिसतात. येथे प्रतिपिंड उपयोगी पडते. विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड काचपट्टीवरील पेशींवर सोडतात. त्याला जोडलेल्या विकरामुळे ते जेथे चिकटले तेथे तपकिरी रंग उमटतो. या पद्धतीस इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात; अहवालावर ‘आयएचसी’ असे लिहिलेले असते. सायटोकेरॅटिन ७ आणि टीटीएफ-१ हे दोन्ही रंगले तर फुफ्फुसाकडे, सायटोकेरॅटिन २० आणि सीडीएक्स-२ रंगले तर मोठ्या आतड्याकडे, थायरोग्लोब्युलिन रंगले तर अवटू ग्रंथीकडे, सीडी-४५ रंगले तर लसिकार्बुदाकडे बोट जाते. जणू परगावी सापडलेल्या वाटसरूच्या बोलीवरून त्याचे गाव ओळखावे. एकाच खुणेवर निर्णय देत नाहीत. चार-सहा खुणांचा मेळ घालतात. चिकित्सा मूळ स्थानानुसार ठरत असल्यामुळे या रंगांवर रुग्णाचे पुढील भवितव्य अवलंबून असते.

स्तनाच्या कर्करोगात याच पद्धतीने हर-२ या प्रथिनाची मोजणी होते. शून्य, एक अधिक, दोन अधिक, तीन अधिक अशी श्रेणी देतात. तीन अधिक म्हणजे प्रथिन विपुल. दोन अधिक असल्यास जनुकाची ‘फिश’ नामक दुसरी चाचणी करावी लागते. येथे आपल्यापैकी जे शल्यचिकित्सा करतात किंवा ज्यांचे छोटे रुग्णालय आहे, त्यांच्यासाठी एक कळकळीची सूचना आहे. काढलेला भाग सलाइनमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पाठविला तर प्रथिने बिघडतात व प्रतिपिंड चिकटत नाही. नमुना ताबडतोब, त्याच्या किमान दहापट, दहा टक्के तटस्थ फॉर्मेलिनमध्ये ठेवावा. हर-२ साठी तो त्यात किमान ६ व कमाल ७२ तास राहावा. आणि रुग्णास सांगावे की अहवालाचा कागद जितका मोलाचा, तितकाच प्रयोगशाळेतील मेणाचा ठोकळा मोलाचा. तो मागून घेऊन जपून ठेवावा. चार वर्षांनी रोग यकृतात उद्भवला तर जुन्या ठोकळ्याशी तुलना करावी लागते. घरातल्या कपाटात ठोकळा ठेवलेला रुग्ण मला क्वचितच भेटतो. एक्स-रेची जुनी पाकिटे मात्र सर्वांकडे असतात.

रक्तातील खुणांविषयी थोडक्यात. मॉन्ट्रियल येथे गोल्ड आणि फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये सीईए शोधले. सीए-१२५ या खुणेचा मागोवा घेणारे प्रतिपिंड अमेरिकेत बास्ट आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. या चाचण्या ज्ञात रोगाचा मागोवा घेण्यास चांगल्या, नव्याने निदान करण्यास दुबळ्या. उदरात जल साठलेल्या स्त्रीचे सीए-१२५ वाढलेले पाहून बीजांडाचा कर्करोग ठरवून घाबरवू नये. उदराच्या क्षयातही ते पुष्कळ वाढते आणि असे क्षयरुग्ण औषधांनी पूर्ण बरे होतात. ‘संपूर्ण शरीर तपासणी’ या नावाखाली निरोगी माणसांची या खुणांसाठी तपासणी करून घेण्याची जी प्रथा पडली आहे, तिला आपण हातभार लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशी

प्रसार होण्यासाठी पेशीला मूळ गाठ सोडून प्रवास करावा लागतो. त्या प्रवासातच तिला पकडता आले तर? एका मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात आणि त्यांत अशी कर्कपेशी एखाद-दुसरी, कित्येकदा एकही नाही. शेतभर पसरलेल्या बाजरीत एक राळ्याचा दाणा शोधण्यासारखे हे काम. अवयवांच्या अस्तरातील पेशींवर ईपीकॅम नावाचे प्रथिन असते, रक्तपेशींवर ते नसते. या प्रथिनाचे प्रतिपिंड सूक्ष्म लोहकणांवर बसवून रक्तात मिसळतात व चुंबकाने ते कण ओढून घेतात. कणांबरोबर कर्कपेशीही ओढली जाते. या तत्त्वावरील सेलसर्च या यंत्रणेला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. प्रसृत स्तनकर्करोगात ७.५ मिलिलिटर रक्तात पाच वा अधिक पेशी आढळल्यास आयुर्मर्यादा कमी असते असे त्याच वर्षी दिसून आले. पुण्याच्या अ‍ॅक्टोरियस संस्थेने याच चुंबकीय तत्त्वावर ऑन्कोडिस्कव्हर ही चाचणी विकसित केली आहे.

आपल्या नाशिकचे नाव या क्षेत्रात जगभर पोहोचले ते दातार कॅन्सर जेनेटिक्स या संस्थेमुळे. त्यांची पद्धत किंचित निराळी आहे. निरोगी पेशी ज्या माध्यमात नष्ट होतात त्यात रक्तपेशी ठेवल्या असता मरणास न जुमानणाऱ्या कर्कपेशी तेवढ्या उरतात; मग ईपीकॅम, सायटोकेरॅटिन आणि सीडी-४५ यांच्या चकाकणाऱ्या प्रतिपिंडांनी त्यांची ओळख पटवितात. कर्कपेशी आणि त्यांच्या सोबतच्या पेशींचे रक्तात फिरणारे पुंजके हा कर्करोगाचा व्यापक लक्षणविशेष आहे, असा त्यांचा शोधनिबंध २०२० च्या सुमारास इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सरमध्ये आला. ५,५०९ ज्ञात कर्करुग्णांपैकी सुमारे ९० टक्के रुग्णांत हे पुंजके आढळल्याचे त्यात नमूद आहे. त्यांच्या स्तनकर्करोगाच्या चाचणीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ असा दर्जा दिला. आपल्या गावाला याचा सार्थ अभिमान वाटावा. तथापि एक गोष्ट रुग्णांना नीट समजावून सांगावी लागते. हा दर्जा म्हणजे परीक्षणाची प्रक्रिया जलद करण्याची सवलत होय. ती मान्यता नव्हे.

शिवाय पेशी सापडणे आणि त्यामुळे रुग्णाचा लाभ होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत, प्रसृत स्तनकर्करोगाच्या ज्या स्त्रियांच्या रक्तातील कर्कपेशी किमोच्या पहिल्या आवर्तनानंतरही कमी झाल्या नाहीत, त्यांतील काहींची औषधे लगेच बदलून पाहिली. आयुष्य वाढले नाही. पेशींची संख्या अरिष्टासारखी भविष्य सांगून गेली, पण हाती उपाय देऊ शकली नाही. म्हणून ‘रक्ताची एक चाचणी करा म्हणजे कर्करोग आहे की नाही ते कळेल’ असे विचारीत येणाऱ्या निरोगी माणसास स्तनांची व मुखाची तपासणी, गर्भाशयमुखाची चाचणी आणि तंबाखूत्याग हेच आधी सांगावे.

चिकित्सा

प्रतिपिंडे कर्करोगावर एकाच मार्गाने कार्य करीत नाहीत. पहिला मार्ग वाढीची आज्ञा रोखण्याचा. सुमारे १५ ते २० टक्के स्तनकर्करोगांत हर-२ विपुल असते व त्यामुळे रोग लवकर पसरतो. ट्रास्टुझुमॅब त्याला चिकटून आज्ञा थांबविते आणि दांड्याच्या साह्याने रक्षक पेशींना बोलाविते. अमेरिकेत त्यास १९९८ मध्ये मान्यता मिळाली. प्रसृत रोगाच्या ४६९ स्त्रियांवरील चाचणीत केवळ किमोने मध्यम आयुर्मान २०.३ महिने, तर ट्रास्टुझुमॅबसह २५.१ महिने असे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. आज हा आकडा अल्प वाटेल; तेव्हा ती क्रांती होती. भारतात बायोकॉनचे ट्रास्टुझुमॅब २०१४ मध्ये बाजारात आले व पुढे इतर कंपन्यांचीही आली, त्यामुळे मध्यमवर्गीय घरांना ते आवाक्यात आले. याच प्रतिपिंडाला विषारी औषधाचा रेणू जोडून तो थेट कर्कपेशीत पोहोचविण्याची युक्ती पुढे निघाली. ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन हे त्याचे उदाहरण. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ज्या तीन कर्करोग औषधांवरील सीमाशुल्क रद्द झाले, त्यांपैकी हे एक.

दुसरा मार्ग पोषण तोडण्याचा. बेव्हॅसिझुमॅब हे नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. तिसरा मार्ग अस्थिधातूचा. स्तन वा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत गेला की कर्कपेशी स्वतः हाड खात नाहीत. त्या हाडातल्याच अस्थिभक्षक पेशींना चेतवितात. डेनोसुमॅब तो निरोप पोहोचू देत नाही आणि अस्थिभंग, असह्य कटिशूल यांचे प्रमाण घटते.

चौथा मार्ग आपल्याला विचार करायला लावणारा आहे. येथे प्रतिपिंड कर्कपेशीला मारण्याच्या भरीस न पडता शरीराच्या स्वतःच्या बलावरील लगाम सैल करते. टी-लसिका पेशींवर पीडी-१ नावाचा एक लगाम असतो, तो नसता तर त्या स्वशरीरावरच तुटून पडल्या असत्या. कर्कपेशी हाच लगाम ओढून आपला बचाव करते. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे तो ओढू देत नाहीत. हा विचार मांडणारे अ‍ॅलिसन आणि होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

औषध उत्तम, किंमत अफाट. भारतासारख्या देशांत मान-मुखाच्या प्रगत कर्करोगावरील ही मान्य औषधे शंभरातील एक ते तीन रुग्णांनाच मिळू शकतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील तज्ज्ञांनी यावर जे केले ते मला या साऱ्या विषयातील सर्वांत मौलिक कार्य वाटते. निवोलुमॅबची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅम. त्यांनी दर तीन आठवड्यांस केवळ २० मिलिग्रॅम दिले. सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब ही तोंडाने घ्यायची स्वस्त औषधे. १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना ही तीन औषधे, निम्म्यांना तीन अधिक अल्पमात्र निवोलुमॅब. एका वर्षाअखेर पहिल्या गटातील १६.३ टक्के आणि दुसऱ्या गटातील ४३.४ टक्के रुग्ण हयात होते. तीव्र उपद्रवही वाढले नाहीत. हा निबंध २०२२ मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत आला. मध्यम आयुर्मान ६.७ वरून १०.१ महिन्यांवर गेले. रोग निर्मूल झाला नाही, हे खरे. पण मात्रेचा विचार व्याधिबल, रोगीबल यांबरोबर रुग्णाची सांपत्तिक स्थितीही पाहून केला गेला, आणि तो प्रमाणांनी तोलला गेला. याच रुग्णालयाने बायोकॉनच्या निमोटुझुमॅबची ५३६ रुग्णांवर चाचणी घेऊन, किरणोपचार व सिस्प्लॅटिनला ते जोडल्यास दोन वर्षे रोग न वाढलेल्यांचे प्रमाण सुमारे ५० वरून सुमारे ६२ टक्क्यांवर जाते असे २०१९ मध्ये दाखविले.

आपल्या बाह्यरुग्ण विभागात

लगाम सैल झाल्यावर लसिका पेशी कर्कपेशीबरोबर स्वधातूंवरही हल्ला करू शकतात. आतडे, त्वचा, यकृत, फुफ्फुस, अवटू, काहीही. निफाडकडील एक गृहस्थ एकदा माझ्याकडे आले. फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी त्यांना पेम्ब्रोलिझुमॅब सुरू होते आणि आठ दिवस दिवसातून सात-आठ वेळा द्रवमलप्रवृत्ती होत होती. कोणाच्या तरी सांगण्यावरून कुटजघन वटी व बिल्वावलेह घेऊन झाले होते. मी चिकित्सा न करता त्यांच्या कर्करोगतज्ज्ञास दूरध्वनी केला व त्याच संध्याकाळी त्यांना भरती करून स्टेरॉइड सुरू झाले. हा अतिसार नव्हता. आतड्यावर स्वतःच्याच पेशींनी केलेला आघात होता. त्यात ग्राही औषध देऊन मल बांधून ठेवला तर आतडे फुटेपर्यंत लक्षात येत नाही. स्टेरॉइडनेही न आटोपल्यास तज्ज्ञ इन्फ्लिक्सिमॅब देतात, म्हणजे एका प्रतिपिंडाच्या उपद्रवावर दुसरे प्रतिपिंड. सांगायचे ते इतकेच की, अशा रुग्णाचा नवा कास, श्वास, कामला, अतितृष्णा वा अकारण थकवा हा औषधाचा उपद्रव आहे असे आधी गृहीत धरावे. औषध बंद होऊन काही महिने लोटल्यावरही तो उद्भवू शकतो.

‘रोगप्रतिकारशक्ती वाढवायची आहे, गुळवेल देऊ का?’ हा प्रश्न रुग्णापेक्षा नातेवाईक अधिक विचारतात. गुडूचीवर माझा विश्वास आहे आणि मी ती नित्य वापरतो. परंतु लगाम काढलेल्या घोड्याला टाच मारावी की नाही याचा निर्णय अभ्यासाविना करता येत नाही. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत स्वप्रतिकाराच्या स्वरूपाचा यकृतशोथ आढळल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही असा आक्षेप घेतला. तो वाद आपण येथे मिटवू शकत नाही. मात्र निवोलुमॅब चालू असताना यकृताची विकरे वाढली तर दोष कोणाचा हे कळण्याचा मार्गच गुळवेल दिल्याने बंद होतो आणि तज्ज्ञ जीवरक्षक औषध थांबवितात. त्या काळात मी ती देत नाही. अग्नी, निद्रा, मुखपाक, पथ्य यांवर पुष्कळ काम करता येते, ते करतो.

इतर प्रतिपिंडांचे विशेष ध्यानात ठेवणे सोपे आहे. ट्रास्टुझुमॅब हृदयाचे बल कमी करू शकते; म्हणून दर तीन महिन्यांनी इको करतात. अशा स्त्रीच्या पायांवर शोथ आला तर पुनर्नवा सुरू करण्यापूर्वी शेवटचा इको केव्हा झाला ते विचारावे. रिटुक्सिमॅबने सुप्त हिपॅटायटिस-बी उसळतो. बेव्हॅसिझुमॅबने रक्तदाब वाढतो, रक्तस्राव होतो, व्रण भरत नाही आणि क्वचित आतड्यास छिद्र पडते. त्यामुळे नियोजित शस्त्रकर्मापूर्वी व नंतर किमान २८ दिवस ते देत नाहीत. आपल्या क्षारसूत्र करणाऱ्या बंधूंनी आणि रक्तमोक्षण वा बस्ती योजणाऱ्यांनी हे अंतर काटेकोर पाळावे. डेनोसुमॅब घेणाऱ्याचा दात उपटला तर जबड्याचे हाड मरू शकते. दंतशूलासाठी आलेल्या अशा रुग्णास थेट दंतवैद्याकडे न पाठविता आधी त्याच्या कर्करोगतज्ज्ञास कळवावे.

औषधी दुकानदारांनी डेनोसुमॅबच्या दोन मात्रांची गल्लत टाळावी. अस्थिक्षयासाठी ६० मिलिग्रॅम सहा महिन्यांतून एकदा आणि अस्थिगत कर्करोगासाठी १२० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी, अशी एकच औषध दोन रूपांत येते. ही सर्व प्रथिने आहेत. २ ते ८ अंश तापमानात ठेवावीत, गोठवू नयेत, जोराने हलवू नयेत. सटाण्याच्या रुग्णाला बर्फाच्या खड्यांत थेट कुपी खुपसून दिली तर औषध गोठून निकामी होऊ शकते आणि रुग्णाला ते कधीच कळत नाही. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळीने वापरलेल्या महागड्या प्रतिपिंडांच्या रिकाम्या कुप्यांत बुरशीवरील स्वस्त औषध भरून विकले होते. म्हणून बिल, बॅच क्रमांक आणि कंपनीचा अधिकृत वितरक तपासल्याविना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘सवलतीची’ कुपी घेऊ नये. आणि आपल्या रुग्णालयात वापरलेली कुपी लेबल फाडून, काच फोडून मगच जैववैद्यकीय कचऱ्यात टाकावी. कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे याचेही दुकानावरील फलक लावताना स्मरण असावे.

केसपेपरवर अशा रुग्णाच्या नावाखाली औषधाचे मूळ नाव, शेवटचे इंजेक्शन दिल्याची तारीख, पुढील तारीख, शेवटचा इको व यकृततपासणीची तारीख आणि कर्करोगतज्ज्ञाचा दूरध्वनी क्रमांक एवढे पाच रकाने मी लाल शाईने आखून ठेवतो. रुग्णाला नाव सांगता येत नसेल तर फाइल आणल्याशिवाय पुडी बांधून देत नाही.